पोरी कुठं लपवायच्या? (आत्मचरित्रं वाचता वाचता पडलेला प्रश्न)

तापीकाठची | रविवार, रात्री १०.४०

गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दीड महिना घरात अडकले होते. भावाला म्हटलं वाचनालयातून काहीतरी हलकंफुलकं आण, तर हा पठ्ठ्या पिशवी भरून बायकांची आत्मचरित्रं घेऊन आला. त्याला ते हलकंफुलकं वाटलं असावं. असो, वाचली. आणि एक गोष्ट डोक्यात अशी बसलीय की निघत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

मला वाटलं होतं मारझोड, सासुरवास, अर्धपोटी राहणं हेच सगळं असणार. ते आहेच. पण त्याच्याइतकंच काय आहे माहितीये का, लपवणं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक पोरगी काहीतरी लपवतेय.

बंगालची राससुंदरी देवी घ्या, एकोणिसाव्या शतकातली, बाराव्या वर्षी लग्न. बाई वाचायला शिकली तर विधवा होते असा तेव्हा समज. तिने चैतन्यभागवताचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं, पोरगा ज्या ताडपत्रावर अक्षरं गिरवायचा त्यातलंही एक उचललं, आणि चुलीपाशी बसून पदराआड ही अक्षरं त्या अक्षरांशी ताडून बघत वाचायला शिकली. आणि हीच बाई नवऱ्याचा घोडा अंगणात आला की आत पळायची!! घोडा नवऱ्याचा ना, मग त्याच्यासमोर कसं जायचं. मी हसले आणि मग हसू गेलं.

फलटणच्या बेबीताई कांबळे, 'जिणं आमुचं'वाल्या. किराणा दुकान होतं, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचन, आणि गल्ल्यावर बसून लिखाण. वह्या नवऱ्यापासून वीसेक वर्षं लपवल्या, १९८६ ला पुस्तक आलं. आणि मलाला, २००९ मध्ये स्वात खोऱ्यात मुलींच्या शाळा बंद करायचं फर्मान निघालं तेव्हा पोरी गणवेश न घालता, शालीखाली पुस्तकं लपवून शाळेत जायच्या. मध्ये एवढी वर्षं गेली, देश वेगळे, धर्म वेगळे, पण पदर काय नि शाल काय.

आणि राखण कोण करतंय तेही बघा. रमाबाई रानड्यांना शिकवायला स्वतः न्यायमूर्ती बसलेत आणि टोमणे मारतायत घरातल्या बायका.

तर आता आमच्या घरातलं. माझी मोठी आत्या, आता अठ्ठ्याहत्तरची, गाव [गावाचं नाव काढलंय, कारण खाली शेवटी आहे]. चौथीतून शाळा सुटली कारण कापूस वेचायला हात पाहिजे होते आणि पाठची भावंडं कडेवर घ्यायला कोणीतरी. आजीचं एक वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं वापरतात, "आंडेरनी जात, कितली बी शिकनी तरी चूलज फुकनी शे." (पोरीची जात, कितीही शिकली तरी चूलच फुंकायची.) तर ह्या आत्याची एक वही होती आणि ती दादरच्या कोठीत लपवलेली असायची, एवढंच मला आईकडून कळलंय. वहीत काय होतं ते आईलाही माहीत नाही.

तुमच्या घरातल्या पोरींनी कुठं लपवलं? आई, आजी, मावशी, तुम्ही स्वतः. काय लपवलं ते नका सांगू हवं तर. फक्त जागा सांगा.

शेवभाजी_डबल_तर्री | रविवार, रात्री ११.०५

ताई पुस्तकांची यादी टाका आधी. आणि पुण्यामुंबईच्या लोकांसाठी खुलासा, दादर म्हणजे स्टेशन नाही, आमच्याकडची ज्वारी आहे. कोठी म्हणजे पण तसली कोठी नाही, धान्याची.

बापू_पारोळेकर | सोमवार, सकाळी ६.५०

धागा वाचला. पटला नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हल्ली जुलमाचा चष्मा लावूनच वाचायची फॅशन आहे. माझी आई निरक्षर होती पण घरातला एक दाणा तिच्या परवानगीशिवाय हलत नसे, वडील बाजारातून आले की पैसे तिच्या हातात. आमच्या पंचक्रोशीत सगळ्या बायका अशाच होत्या, हसतखेळत होत्या, आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोके बांधून दिवसभर गाणी म्हणायच्या. ज्यांना दुःख होतं त्यांनी पुस्तकं लिहिली, ज्या सुखात होत्या त्यांनी लिहिली नाहीत, म्हणून तुम्हाला सगळीकडे दुःखच दिसणार. साधा हिशोब आहे.

तापीकाठची | सोमवार, सकाळी ९.१५

बापू, राग नाही. पण आखाजीचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारते, वर्षातून एक दिवस माहेरी येऊन झोक्यावर बसून बायका गाणी कुणाची म्हणायच्या? सासूची, नणंदेची, माहेरी न्यायला मुऱ्हाळी वेळेवर न धाडणाऱ्या भावाची. सगळी गाऱ्हाणी. गाणं असलं की कोणी आडवत नाही ना, गाणं पण एक कोठीच आहे मग. आणि त्याच आखाजीचा मुहूर्त धरून किती पोरींची लग्नं लागली हे तुम्हीही पाहिलं असेल. सारडा कायदा १९२९ चा, त्यात मुलीचं वय चौदा, १९७८ ला अठरा झालं, पण मांडवात कोण विचारतंय.

लक्ष्मीबाई टिळक वाचा, हसून हसून पोट दुखतं. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. अकराव्या वर्षी लग्न, नवरा असा की न सांगता घर सोडून कुठंही निघून जाणार. सगळं हसवत सांगतात. बाई हसतेय म्हणजे सुखात आहे, हा हिशोब मला तरी नाही जमत.

निळी_शाई | सोमवार, दुपारी १.३०

मी भुसावळची. वडील रेल्वेत खलाशी, क्वार्टर एका खोलीचं, आम्ही सात जण.

ताई धागा आवडला पण एक सांगू का, लपवायला आधी कोपरा लागतो. कोठीत लपवायला कोठी लागते आणि कोठीत दादर लागते. आमच्याकडे पत्र्याची एक ट्रंक होती आणि तिला कुलूप नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसायचं. मी बीए होईपर्यंत माझी म्हणून जागा म्हणजे चटई. मी काय लपवणार.

आणि बेबीताईंचं पुस्तक तुम्ही दुकानापर्यंत आणून सोडलंत. त्यात सुनांचं काय लिहिलंय ते पण सांगा ना. पोरवयातली सून सासरहून पळाली तर धरून आणून तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवायचे आणि तो घेऊनच तिने घरातली कामं करायची, चालताना पाय सोलून निघायचे. संशय आला तर नाक कापायचे. गावाने वस्तीला गुलाम केलं आणि वस्तीतल्यांनी घरातल्या सुनेला, असं त्या आपल्याच माणसांबद्दल लिहितात, ह्याला हिंमत लागते. आणि एवढं लिहिणाऱ्या बाईने स्वतःच्या नवऱ्याचा मार पुस्तकात जवळजवळ घेतलाच नाही. पुढे माया पंडितांनी इंग्रजी भाषांतर केलं त्यातल्या मुलाखतीत बोलल्या. म्हणजे वही बाहेर आली, छापली, लोकांनी वाचली, तरी एक गोष्ट लपलेलीच होती.

अजून एक. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली, चौदाएक वर्षांची मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली ज्ञानोदयात मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध छापून आला, नावासकट. तिने काही लपवलं नाही. तेव्हा सगळ्याच पोरी पदराआड असं नका करू.

खापरावरचे_मांडे | सोमवार, दुपारी ३.२०

निळी शाई +१, कोपऱ्याचं वाक्य तर घरी जाऊन आईला वाचून दाखवणार आहे.

मी नाशिकला असते, मूळ चाळीसगाव. इराणच्या मार्जान सत्रापीचं चित्रांचं पुस्तक आहे ना, पर्सेपोलिस, त्यात तिचे आईवडील तुर्कस्तानातून येताना तिच्यासाठी गाण्याच्या बँडची पोस्टरं आणतात, वडिलांच्या कोटाच्या अस्तरात शिवून! मी ते चित्र बघितलं आणि मला आजीची गोधडी आठवली. आजी सातवीची फायनल पास होती. फायनल म्हणजे तेव्हा मास्तरीण होता यायचं. सासरी कळलं तर नोकरी करते म्हणेल ह्या भीतीने, की बाई जास्त शिकलेली म्हणून नाकारतील म्हणून, काय माहीत, पण तिच्या आईने लग्नाच्या वेळी सांगितलं दुसरी शिकलीय म्हणून. फायनलचा कागद गोधडीच्या दोन थरांमध्ये शिवलेला. आजी गेल्यावर गोधडी उसवली तेव्हा निघाला, घडीवर चार तुकडे झालेले. ती गोधडी आम्ही सगळी नातवंडं ओढाओढी करत पांघरायचो.

फरक एवढाच की सत्रापीचे आईवडील पोरीसाठी लपवत होते आणि आजीची आई पोरीला लपवत होती. का दोन्ही एकच, मला कळत नाही.

शेवभाजी_डबल_तर्री | सोमवार, दुपारी ३.३१

बाप रे. यादी राहू द्या.

बापू_पारोळेकर | सोमवार, रात्री ८.१०

वादात पडायचं नव्हतं पण गंमत आठवली म्हणून लिहितो. वर मी आई निरक्षर लिहिलं ते कागदोपत्री. सोसायटीत, तलाठ्याकडे, सगळीकडे तिचा अंगठा. पण तिला वाचता यायचं! माझ्या मामाने लहानपणी शिकवलं होतं. कापसाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, घरी यायच्या त्यातला भाव आणि वजन ती आधी वाचून घ्यायची, मग वडिलांना सहज म्हणाल्यासारखं म्हणायची, "यंदा भाव कमीच लागना वाटस." वडिलांना वाटायचं बाईला काय अंदाज आहे! मरेपर्यंत त्यांना कळलं नाही. आम्हा पोरांना माहिती होतं, आम्ही खूप हसायचो. तर अशी हुशार होती, हे सांगायचं होतं, दुःखी वगैरे नव्हती.

निळी_शाई | सोमवार, रात्री ८.२५

बापू, तुमच्या आईने सगळ्यात मोठी वस्तू लपवली की. आणि ती पण उघड्यावर.

बापू_पारोळेकर | सोमवार, रात्री ८.४०

तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच बघता. ती गंमत होती.

खापरावरचे_मांडे | सोमवार, रात्री ९.००

नाही बापू, लिहिलंत ते फार बरं केलंत. अंगठ्याची शाई पुसताना काय वाटत असेल हो त्यांना.

पीजे_पॅसेंजर | मंगळवार, पहाटे १.५०

झोप येत नाहीये. दोनदा लिहून खोडलं. पाचोरा-जामनेर गाडीने शाळेत जायचो म्हणून हा आयडी, ती गाडी पण गेली आता.

१९९४ ला मी सतरा वर्षांची होते. बारावीला जळगावला. त्या वर्षी जळगावचं ते प्रकरण पेपरात आलं, मुलींना ब्लॅकमेल करण्याचं, इथल्या वयस्कर लोकांना सांगायला नको. रोज पेपरात काहीतरी. आणि झालं काय, तर आमचं कॉलेज बंद. कॉलेज चालू होतं हो, आमचं जाणं बंद. माझं, माझ्या दोन मैत्रिणींचं. गुन्हा करणारे कोण, पकडलेत कोणाला, ह्याच्याशी काही संबंध नाही, जळगावला जाणारी मुलगी म्हटलं की लोक बघायचे. पुढे स्थळं यायची तेव्हा आई सांगायची ही फक्त अकरावीच जळगावला होती. जसं काही अकरावीला कमी लागण होते.

त्या वर्षभरात मी एक डायरी लिहिली. जागा विचारलीय ना तापीकाठची, तर सांगते. पाळीच्या कापडांचं गाठोडं. न्हाणीच्या मागच्या फळीवर असायचं. वडील, भाऊ, काका, कोणीही मेले तरी त्याला हात लावणार नाहीत, आणि आजी तर तिकडे बघायची पण नाही. घरातली सगळ्यात विटाळाची जागा म्हणून सगळ्यात सुरक्षित. त्या कापडांची मला लाज वाटायची आणि त्याच कापडांनी माझी वही सांभाळली.

डायरी आहे अजून. कोणाला दाखवणार नाही. त्या प्रकरणातल्या मुलींचा विचार येतो, त्या आता पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांचं आत्मचरित्र मला वाचायचं नाहीये. त्यांना कोणी शोधूच नये असं वाटतं.

तापीकाठची | मंगळवार, सकाळी ७.३०

पीजे, वाचलं. दुसरं काही लिहिता येत नाहीये. मी तेव्हा धुळ्याला होते, आमच्याकडे पण त्या वर्षी क्लास संध्याकाळचा बदलून दुपारचा केला होता, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, मी खुश झाले होते की उन्हात का होईना मैत्रिणीबरोबर जाता येतं.

सातपुडा_मास्तर | मंगळवार, दुपारी २.१५

मी नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातल्या शाळेवर आहे, सोळा वर्षं झाली. तुमची पुस्तकं सगळी वाचलेली नाहीत. जागा सांगतो.

माझं कपाट. दिवाळीनंतर आमच्याकडची कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. पोरींना बरोबर नेतात, लहान भावंडं कोण सांभाळणार म्हणून. जाताना काही पोरी दप्तर माझ्याकडे आणून देतात. सर ठेवा. कारण घरी ठेवलं तर पाऊस आहे, उंदीर आहेत, चूल पेटवायला कागद लागतो. बरोबर नेलं तर मुकादम हसतो. ह्या वर्षी कपाटात सात दप्तरं होती. पाच परत गेली. एका मुलीचं लग्न झालं तिकडंच. एकीचं काय झालं मला कळलं नाही, घर कुलूपबंद आहे.

लोक म्हणतात आदिवासींत हुंडा नाही, उलट देज मुलाकडून, म्हणजे मुलगी स्वतंत्र. काही बाबतीत आहेच, इथली बाई बाजारात एकटी जाते, बोलते, नको असलेलं घर सोडते पण. पण देज दिली की विकत आणली असं बोलणारे पण आहेत. आणि म्हातारी एकटी असेल, थोडी जमीन नावावर असेल तर डाकीण म्हणायला वेळ लागत नाही. ह्या बायकांची पुस्तकं नाहीत. अजून तरी नाहीत. दप्तरात काय असतं ते मी उघडून बघत नाही, पण एकदा चेन तुटलेली होती म्हणून दिसलं, पाटी, आरसा आणि निम्मी खाल्लेली चिंच.

शेवभाजी_डबल_तर्री | मंगळवार, दुपारी २.४०

सर, कपाट लागेल का अजून एक? सिरियसली विचारतोय. धुळ्यात आमचं फर्निचरचं दुकान आहे. मेसेज करा.

खापरावरचे_मांडे | मंगळवार, दुपारी ४.१०

शेवभाजी 🙏

अवांतर, बहिणाबाईंचं कोणीच कसं काढलं नाही? लिहिता येत नव्हतं, तिशीत वैधव्य, जात्यावर नि शेतात ओव्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या, नाहीतर १९५१ ला त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. पुस्तक १९५२ चं. आता विद्यापीठाला नाव आहे. आत्मचरित्र नाही पण कुंकू पुसल्यावरच्या त्या ओळी दुसरं काय आहेत. (आणि कृपया कोणी त्यांच्या भाषेला अहिराणी म्हणू नका, ती लेवा गणबोली, ह्यावर वेगळा धागा काढून भांडू.)

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ६.००

जागेत नाव धरायचं का? रखमाबाई, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली, मोठी झाल्यावर नांदायला जाणार नाही म्हणून नवऱ्याने कोर्टात खेचली. तिने १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली ती 'अ हिंदू लेडी' ह्या नावाने. पुढे डॉक्टर होऊन सुरतेत नोकरी केली, म्हणजे आपल्याच लाइनीवर. मलालाने पण बीबीसी उर्दूवर लिहिलं ते गुल मकई नावाने, अकरा वर्षांची होती.

आणि आपण तरी काय. निळी शाई, तापीकाठची, पीजे. इथं बापू सोडले तर कोणाचं खरं नाव आहे?

बापू_पारोळेकर | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

माझंही खरं नाही. पारोळ्याचा आहे एवढं खरं.

तापीकाठची | बुधवार, रात्री ९.३०

आज आत्याला फोन केला. आधी गुडघ्याचं, मग पावसाचं, मग कानबाईच्या रोटांना कोण कोण येणार त्याचं बोलणं झालं, मग हळूच विचारलं, आत्या, कोठीतल्या वहीचं काय गं?

एकदम गप्प. मग म्हणाली, तुले कोनी सांगं?

मग सांगितलं तिने. वही तिची नव्हतीच, माझ्या वडिलांची होती, जुन्या इयत्तेची, मागची कोरी पानं तिची. काय लिहायची विचारलं तर म्हणाली काही नाही गं, आज काय केलं ते. किती मण कापूस वेचला, कोण काय बोललं. म्हणजे तारीख घालून. दहा-अकरा वर्षांच्या पोरीने. शाळा सुटल्यावर दोन वर्षं. रात्री वाचायची पण तेच, दुसरं वाचायला नव्हतं. एकदा आजीने पाहिलं, "काय वाची ऱ्हायनी व?" तर म्हणाली दादाचा धडा आहे, भाकरी बांधायला कागद फाडतेय.

मग एका वर्षी अडचण आली आणि आजोबांनी कोठी रिकामी करून सगळी दादर विकली. आत्या शेतात होती. संध्याकाळी आली तर कोठी झाडलेली. वही पोत्यात भरून मार्केटला गेली. कोणाला विचारणार? विचारलं की सापडली. तर ती गप्प बसली, आणि पुढं लग्न होईपर्यंत मार्केटचा माणूस दारात आला की तिच्या पोटात गोळा यायचा, ह्याने वाचलं असेल का. मला म्हणाली, त्यात काकूबद्दल लई वंगाळ लिहिलं होतं गं.

काकू जाऊन तीस वर्षं झाली.

मी म्हटलं आत्या, मी हे एका ठिकाणी लिहिलंय, नाव नाही टाकलं तुझं. तर घाबरलीच. गावाचं नाव टाकलं का म्हणे. टाकलं होतं मी. म्हणाली काढ आधी, वहिनीला पण सांगू नको, सुनेला तर नकोच नको. आणि फोन ठेवता ठेवता परत, "काढशी ना व?"

तर पहिल्या पोस्टमधून गावाचं नाव काढलंय. खाली कोणी माझी पोस्ट कोट केली असेल तर प्लीज तुम्ही पण काढा. शेवभाजी, तू सोमवारी कोट करून खाली काहीतरी जोक लिहिला होतास, त्यात आहे बघ.

शेवभाजी_डबल_तर्री | बुधवार, रात्री ९.३४

काढलं ताई. पूर्ण पोस्टच उडवली.

बापू_पारोळेकर | बुधवार, रात्री ९.५५

माझ्या त्या अंगठ्याच्या प्रतिसादात पारोळं राहू द्यावं की नको, विचार करतोय. संपादकांना सकाळी कळवतो.